जर्मनीला राहायला जायचंय? आधी पदवी तपासा, व्हिसा नंतर

"दादा, जर्मनीचा कुठला व्हिसा सोपा आहे?" पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून ओळखीतल्या मुलामुलींचे फोन येतात, तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो. मी उलट तीन प्रश्न विचारतो. पदवी नेमकी कुठली आणि कुठल्या विद्यापीठाची? जर्मन किती येतं? हातात नोकरीचं पत्र आहे का? या तिन्हींची उत्तरं मिळाली की व्हिसा जवळपास ठरलेलाच असतो. बहुतेक जण मात्र दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी एजंट गाठतात, पैसे भरतात आणि पदवीची अडचण सहा महिन्यांनी कळते. माझ्या मावसभावाचं हेच झालं. त्याचे गेलेले पैसे परत आले नाहीत. जी माहिती मिळवायला त्याने ते भरले होते, ती इंटरनेटवर फुकट होती.

मी पुण्याहून श्टुटगार्टला ब्लू कार्डवर, म्हणजे मुख्यतः पदवीधरांना नोकरीसाठी मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर आलो, वर्षभराने बायको आली. पुढे लिहिलंय ते याच क्रमाने करा.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. काही युरोपीय देशांत गुंतवणुकीच्या बदल्यात 'गोल्डन व्हिसा' मिळतो, तसा प्रकार जर्मनीत नाही. घर विकत घेतलं म्हणून इथे राहण्याचा परवाना मिळत नाही. असं कुणी विकत असेल तर तिथून उठून या.

पहिलं काम: अनाबिन

अनाबिन हा जर्मन सरकारचा, परदेशी विद्यापीठं आणि पदव्यांची नोंद असलेला डेटाबेस. साइट जर्मनमध्ये आहे, पण ब्राउझरचं भाषांतर लावून काम भागतं. तिथे दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या असतात, आणि लोक एकच बघून थांबतात.

एक, संस्था. तुमच्या विद्यापीठापुढे 'एच प्लस' असेल तर संस्था मान्य. 'एच प्लस-मायनस' असेल तर काही अभ्यासक्रम मान्य, काही नाहीत. 'एच मायनस' म्हणजे मान्यता नाही. इथे कॉलेजचं नाव शोधू नका, पदवी प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाचं नाव आहे ते शोधा. २०१४ पूर्वीच्या पुण्याच्या प्रमाणपत्रांवर 'पुणे विद्यापीठ' आहे, नंतरच्यांवर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ'. जळगावचं विद्यापीठ २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. पुण्याचं अभियांत्रिकी कॉलेज सीओईपी २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं, त्यामुळे तिथून आधी बाहेर पडलेल्यांनी पुणे विद्यापीठ बघायचं. जुन्या-नव्या दोन्ही नावांनी शोधून पाहा.

दोन, पदवी. तुमच्या पदवीपुढे 'एंट्श्प्रिष्ट' किंवा 'ग्लाइषवेर्टिग' लिहिलेलं असेल, म्हणजे ती जर्मन पदवीशी जुळते. चार वर्षांच्या बी.ई., बी.टेक.ला सहसा अडचण येत नाही. तीन वर्षांच्या बी.कॉम., बी.एस्सी., बी.ए.ला मात्र प्रत्येक नोंद नीट वाचा. दोन्ही पानं पीडीएफ करून ठेवा, ती अर्जाला जोडायची असतात.

पदवी सापडली नाही किंवा नोंद अर्धवट असली, तर बॉनच्या झेडएबी या कार्यालयाकडून तुलनापत्र मागवा. शुल्क २०८ युरो, अर्ज ऑनलाइन. हा खर्च अजिबात वाया जात नाही, हे पत्र पुढे नोकरीच्या अर्जातही कामाला येतं.

डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांची वाट वेगळी. हे व्यवसाय नियंत्रित आहेत, ज्या राज्यात काम करायचं तिथल्या कार्यालयाची मान्यता लागते. अनाबिनवर भागत नाही.

नोकरी हातात असेल तर ब्लू कार्ड

मान्य पदवी, त्या पदवीला साजेशी नोकरी, किमान सहा महिन्यांचा करार आणि ठरावीक पगार, एवढं असेल तर ब्लू कार्डच मागा. २०२६ साठी पगाराची मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे. अभियंते, आयटीवाले, डॉक्टर अशा कमतरता असलेल्या क्षेत्रांना आणि पदवी मिळून तीन वर्षं न झालेल्यांना ती सुमारे ४५,९३४ युरो. आकडा दर जानेवारीला बदलतो, म्हणून अर्जाच्या वर्षाचाच आकडा बघा. करारात हमखास मिळणारा पगार धरला जातो. 'कामगिरी चांगली झाली तर बोनस' हे त्यात मोजू नका.

आयटीत काम करणाऱ्यांना २०२३ च्या नोव्हेंबरपासून पदवीशिवायही ब्लू कार्ड मिळू शकतं. त्यासाठी गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा पदवीच्या तोडीचा अनुभव दाखवावा लागतो. तो सिद्ध होतो कागदांवर: प्रत्येक कंपनीचं कामाचं स्वरूप लिहिलेलं अनुभवपत्र, रिलीव्हिंग लेटर, सॅलरी स्लिप. फक्त तारखा असलेलं दोन ओळींचं पत्र कमकुवत ठरतं. नोकरी सोडतानाच एचआरकडून तपशीलवार पत्र मागून घ्या. कंपनी बंद पडल्यावर ते मिळणं फार अवघड जातं.

ब्लू कार्डचा खरा फायदा घरच्यांना होतो. जोडीदाराला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर कुठेही नोकरी करता येते. कायम वास्तव्याचा परवानाही लवकर मिळतो: ए१ जर्मनवर २७ महिन्यांनी, बी१ वर २१ महिन्यांनी. (ए१, ए२, बी१, बी२ या सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या भाषेच्या पातळ्या.)

पगार एवढा नसेल तर कुशल कामगाराचा साधा परवाना आहे. तिथे पगाराचा असा ठरलेला आकडा नाही, स्थानिक कामगाराइतका पगार असला की पुरे. वय ४५ च्या वर असेल आणि पहिल्यांदाच येत असाल, तर मात्र जास्त पगार किंवा निवृत्तीची सोय दाखवावी लागते. या परवान्यावर कायम वास्तव्याला ३६ महिने लागतात. डिप्लोमावाल्यांसाठी अनुभवाचा मार्गही आहे: किमान दोन वर्षांचं भारतात मान्य असलेलं शिक्षण, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव आणि २०२६ च्या हिशोबाने वर्षाला ४५,६३० युरो पगार.

कंपनीला घाई असेल तर तिला 'जलद प्रक्रिया' विचारा. कंपनी स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून अर्ज करते, तिथून संमती आली की व्हिसाची भेट आणि निर्णय दोन्ही काही आठवड्यांत होतात. लहान कंपन्यांना ही सोय अनेकदा माहीत नसते, आपणच सांगावी लागते.

नोकरी नसेल तर संधी कार्ड, पण विचार करून

१ जून २०२४ पासून 'चान्सेनकार्टे' सुरू झालं, मराठीत आपण संधी कार्ड म्हणू. एक वर्ष जर्मनीत राहून नोकरी शोधायची परवानगी. आठवड्याला २० तास अर्धवेळ काम आणि दोन आठवड्यांपर्यंतचं चाचणी काम यात चालतं.

याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. या कार्डासाठी वय, अनुभव, भाषा अशा गोष्टींचे मिळून सहा गुण लागतात असं सांगतात, पण ते सगळ्यांनाच लागतात असं नाही. तुमची पदवी अनाबिनवर पूर्ण मान्य असेल, तर तुम्ही कुशल कामगार म्हणून गुणांशिवायच पात्र ठरता. गुण मोजायचे ते ज्यांच्या शिक्षणाला पूर्ण मान्यता नाही त्यांनी. त्यांना किमान दोन वर्षांचं भारतात मान्य असलेलं शिक्षण, आणि जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ लागतं.

समजा सांगलीचा ३३ वर्षांचा मेकॅनिकल डिप्लोमावाला आहे, आठ वर्षं कारखान्यात आपल्याच क्षेत्रात काम केलेलं, जर्मन ए२. पस्तिशीच्या आत म्हणून दोन गुण, गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव म्हणून तीन, ए२ चा एक. सहा झाले. त्याने बी१ केलं असतं तर सात. चाळिशी ओलांडलेल्याला वयाचे गुण नाहीत, त्याने भाषेवर भर द्यायचा: बी२ ला तीन गुण आहेत.

पैसे दाखवावे लागतात ते दरमहा १,०९१ युरोच्या हिशोबाने, वर्षाला १३,०९२ युरो, बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरतात. दर महिन्याला त्यातून ठरलेली रक्कमच काढता येते. भारतातून वर्षभरात १० लाख रुपयांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पण तोवर पैसे अडकतात, म्हणून हाताशी जास्त रक्कम ठेवा.

माझं स्पष्ट मत: जर्मन बी१ नसेल तर संधी कार्डवर येऊ नका. नुसत्या इंग्रजीवर नोकरी शोधायला आलेली मुलं मी जवळून पाहिली आहेत. दहाव्या महिन्यात खात्यातले पैसे संपत येतात आणि रात्री झोप लागत नाही. पुण्यात बसून सहा महिने भाषेला द्या. ते सहा महिने इथल्या सहा महिन्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

शिकायला येणं आणि आउसबिल्डुंग

पंचविशीच्या आत असाल तर शिक्षणाची वाट सर्वांत भक्कम वाटते. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागद तपासल्याचा दाखला) सक्तीचं आहे, शुल्क १८,००० रुपये. त्याला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाची वाट न बघता आधी अर्ज करा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. जर्मन पदवी असली की कुशल कामाची दोन वर्षं झाल्यावर कायम परवान्याचा अर्ज होतो.

बारावीनंतर आउसबिल्डुंग ही अजून एक वाट आहे. कारखान्यात किंवा रुग्णालयात काम आणि व्यवसाय शाळा, दोन्ही एकत्र, आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. साधारण तीन वर्षं. भाषा बी१ लागते आणि वर्गातलं सगळं जर्मनमध्येच चालतं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गावोगावी याची चर्चा आहे. मुंबई आणि श्टुटगार्टचं नातं तर १९६८ पासूनचं, दोन्ही भगिनीशहरं आहेत. पण त्या कराराच्या नावाखाली कुणी तुमच्याकडे नोंदणीचे पैसे मागत असेल, तर आधी सरकारी सूचना स्वतः वाचा.

कागदांवरचं नाव

माझा सर्वांत जास्त वेळ इथे गेला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि 'दिलेल्या नावात' आपलं आणि वडिलांचं नाव एकत्र. पदवी प्रमाणपत्रावर कधी वडिलांचं नाव पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर. आपल्याला हे सगळं एकच माणूस वाटतं. जर्मन कारकुनासमोर ती तीन वेगळी नावं असतात. माझ्या एका मार्कशीटवर वडिलांच्या नावातलं एक इंग्रजी अक्षर जास्त होतं, त्यासाठी मला विद्यापीठात दोन वेळा जावं लागलं आणि दुरुस्त प्रत यायला अडीच महिने लागले.

बायकांचं त्याहून कठीण. लग्नानंतर आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, काही घरांत पहिलं नावसुद्धा बदलतात. माझ्या बायकोच्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर दोन्ही नावं स्पष्ट असली तर दुवा जुळतो. तिथे नसली तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या. लग्नाची नोंदणीच केली नसेल तर आज करा. हॉलची पावती आणि पत्रिका दाखवून कुटुंब व्हिसा मिळत नाही.

मुलांच्या जन्मदाखल्यावर बाळाचं नाव छापलेलं आहे का तेही बघा. ग्रामपंचायतीच्या कित्येक दाखल्यांवर नावाचा रकाना कोराच असतो, ती नोंद आधी करून घ्या.

कॉन्सुलेटच्या यादीत नसलेलं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) किंवा अनुवाद 'लागेलच' म्हणून आधी करू नका. त्या त्या व्हिसाची यादी उतरवून घ्या आणि तेवढेच कागद, त्याच क्रमाने लावा.

भाषेचं प्रमाणपत्र

पुण्यात जर्मन शिकण्याची जुनी परंपरा आहे. अकरावी-बारावीला मार्कांसाठी जर्मन घेतलेले तुमच्यापैकी किती तरी असतील. रानडे इन्स्टिट्यूटचे वर्ग शिकायला चांगलेच आहेत, पण व्हिसाला परीक्षा लागते ती गोएथे, टेल्क, ओएसडी किंवा टेस्टडाफची. गोएथेच्या, म्हणजे आपल्या मॅक्सम्युलर भवनच्या, परीक्षेच्या जागा लवकर भरतात. वर्ग संपायच्या दोन महिने आधीपासून नोंदणीच्या तारखेवर लक्ष ठेवा.

अर्ज

महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या जर्मन महावाणिज्य दूतावासाकडे जातात. २०२५ पासून दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे अर्ज ऑनलाइन कॉन्सुलर पोर्टलवर भरता येतात: प्रश्नांची उत्तरं द्या, कागद अपलोड करा. छाननीत काही कमी आढळलं तर तिथेच कळवतात. मग व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात बोटांचे ठसे, मूळ कागद आणि ७५ युरोचं शुल्क रुपयांत.

इथे घाईने अर्धवट कागद भरू नका. १ जुलै २०२५ पासून नकारावर कॉन्सुलेटकडेच फेरविचार मागण्याची सोय बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं.

विमानाच्या दिवसापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंतचा आरोग्यविमा वेगळा काढावा लागतो, तो विसरू नका. व्हिसा शिक्क्यावरचं नाव, तारीख आणि कंपनीचं नाव तिथेच काउंटरपाशी उभं राहून तपासा.

पोचल्यावरचा पहिला महिना

घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला 'अनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला एक पानी फॉर्म लागतो. तात्पुरतं घर बुक करतानाच विचारा, 'अनमेल्डुंग होईल का?' नाही म्हणाले तर ते घर घेऊ नका, कारण बँक, कर, परवाना सगळं या कागदावर अडतं. घर न बघता अनामत मागणाऱ्याला एक युरोही पाठवू नका. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही.

पहिल्याच दिवशी पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. ही गोष्ट कुणी सांगत नाही. इथे पोस्टमन घर क्रमांकावर पत्र टाकत नाही, पेटीवरचं नाव वाचून टाकतो. मी पोचलो तेव्हा पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. माझं कर क्रमांकाचं पत्र परत गेलं, पहिल्या पगारातून जास्त दराने कर कापला गेला आणि तो परत यायला पुढचे महिने गेले. पांढऱ्या कागदाची एक चिठ्ठी आणि सेलोटेप, एवढ्याने ते टळलं असतं.

पगाराचा अंदाज आधीच बांधा. वर्षाला ५०,७०० म्हणजे महिन्याला ४,२२५ युरो. एकट्या माणसाच्या हातात कर, आरोग्यविमा, पेन्शन वगैरे जाऊन २,७०० च्या आसपास येतात. रुपयांत गुणाकार करून घरच्यांना आकडा सांगण्याआधी त्यातून भाडं वजा करा.

व्हिसा संपायच्या बऱ्याच आधी परदेशी नागरिक कार्यालयात निवास कार्डासाठी अर्ज टाका. शुल्क १०० युरोच्या घरात. मोठ्या शहरांत महिनोन्‌महिने थांबावं लागतं. तोवर 'फिक्त्सिओन' नावाचं तात्पुरतं पत्र मिळतं. गणपतीला गावी जायचं तिकीट काढण्याआधी त्या पत्रावर कलम ८१ परिच्छेद ४ ची खूण आहे का बघा. ती असेल तर परत येता येतं. परिच्छेद ३ ची असेल तर देशाबाहेर पडू नका. ब्लू कार्डवर पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली तर त्या कार्यालयाला कळवावं लागतं.

नागरिकत्व आणि गावची जमीन

जून २०२४ पासून नागरिकत्वासाठी आठऐवजी पाच वर्षांचं वास्तव्य पुरतं. बी१ जर्मन, स्वतःची कमाई आणि ३३ प्रश्नांची परीक्षा, त्यातले १७ बरोबर हवेत. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी वाट २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली, तेव्हा जुने व्हिडिओ बघून हिशोब मांडू नका.

जर्मनीला आता दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. जर्मन नागरिक झालात की भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं, कार्ड घ्यायचं. ओसीआयवर भारतात राहता येतं, फ्लॅट घेता येतो, मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन ठेवता येते. भावाबरोबर गावाकडे अजून एखादं रान घ्यायचं मनात असेल, तर ते भारत सोडण्याआधीच घ्या, कारण परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव असेल आणि वारस नोंद राहिली असेल, तर ते काम भारतीय पासपोर्ट हातात असताना तलाठ्याकडे जाऊन पूर्ण करा. आम्ही त्यासाठी दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या दिल्या. नागरिकत्वाचा अर्ज त्यानंतरच भरला.